युद्धातली सिग्नलची आणि ओळखीची साधनं जमवणारे कुणी आहे का इथे? (हेलिओग्राफ, आल्डिस दिवा, काळी विमानं वगैरे)

कवडसा

नमस्कार मंडळी. तलवारी, नाणी, पोस्टाची तिकिटं जमवणारे खूप भेटतात, पण मला ओढ आहे ती सैन्यातल्या निरोप पाठवायच्या आणि आपला-परका ओळखायच्या वस्तूंची. दिवे, आरसे, निशाणं, मोर्स की (टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत निरोप पाठवायचं बटण), फील्ड टेलिफोन. या वस्तूंनी कुणाला मारलं नाही, उलट आपल्याच माणसाच्या हातून आपलाच माणूस मरू नये म्हणून त्या बनवल्या गेल्या, आणि तरी म्युझियममध्ये तोफेजवळ गर्दी असते आणि सिग्नलचं कपाट कोपऱ्यात असतं.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक हेलिओग्राफ (उन्हाच्या कवडशाने निरोप पाठवायचं साधन) मिळालाय, पाच इंची आरशाचा, मार्क ५. चामड्याची पेटी आहे, लाकडी तिकाटणं आहे, सायटिंग रॉड (नेम धरायची काठी) आहे, फक्त दुसरा आरसा (डुप्लेक्स) नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आरसा एका कमानीत बसवलेला असतो, मागे मोर्सची की असते, की दाबली की आरसा किंचित कलतो आणि सूर्याचा कवडसा बरोबर समोरच्या ठाण्यावर पडतो, सोडली की खाली जातो. झालं, कट्ट आणि कडकट्ट. आरशाच्या मधोमध एक बारीक ठिपका पारा न लावलेला असतो, तिथून प्रकाश परत येत नाही, म्हणून कवडशात एक काळा डाग दिसतो आणि तो डाग सायटिंग रॉडच्या पट्टीवरच्या खुणेवर आणून नेम धरायचा. इतकी साधी युक्ती आणि इतकी अचूक की मी पहिल्यांदा गच्चीवर लावून बघितलं तेव्हा तासभर उठलोच नाही.

आणि ही वस्तू आपल्या अंगणातली आहे हे फार लोकांना माहीत नसतं. हेन्री मान्स नावाचा माणूस पर्शियन गल्फ टेलिग्राफ खात्यात कराचीला होता, त्याने १८६९ मध्ये हे बनवलं, आणि तेव्हा कराची म्हणजे सिंध आपल्या मुंबई इलाख्यातच होतं (१९३६ पर्यंत). ज्या देशात वर्षातले आठ महिने ऊन रणरणतं तिथेच हे सुचणार. पुढे १८७८ ते ८० च्या अफगाण युद्धात ते खूप वापरलं गेलं, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लेडीस्मिथच्या वेढ्यात आत अडकलेल्या फौजेचा बाहेरच्या मदतीशी बोलायचा मोठा आधार हाच होता.

तर प्रश्न : साफ करावं की नको? डुप्लेक्स आरसा कुठे मिळेल? आणि भारतात अशा वस्तू नीट मांडलेल्या कुठे बघायला मिळतील?

जुनाबाजारी

सगळ्यात आधी, ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) लावू नका!! हात जोडून सांगतो. बाजारातले लोकच कितीतरी वस्तू चकाचक करून मारून टाकतात कारण गिऱ्हाइकाला पिवळं धमक पितळ आवडतं. अहो ते सैन्याचं साधन आहे, ते चमकू नये म्हणूनच त्यावर काळसर किंवा खाकी रंग चढवलेला असतो, रणांगणावर चमकणारी वस्तू म्हणजे शत्रूला पत्ता दिल्यासारखं. तो रंग गेला की अर्धी किंमत गेली आणि अभ्यासाच्या दृष्टीने तर सगळंच गेलं, कारण खुणा त्या रंगाखाली आणि रंगावरच असतात. मऊ सुती फडकं, कोरडा ब्रश, बस. चामड्याला फक्त कोरड्या हवेत ठेवा, तेल चोपडू नका, तेलाने शिवण कुजते.

आता भिंग घ्या आणि खुणा शोधा. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असते, रुंद बाण. कॅनडाच्या मालावर तो बाण सी अक्षराच्या पोटात असतो, ऑस्ट्रेलियाच्या मालावर दोन्ही बाजूला डी, आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर बाणाखाली आय. तुमच्या पीसवर आय निघाला तर तो इथल्याच फौजेने वापरलेला आहे. कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिसचा शिक्का कुठे दिसतो का तेही बघा. पेटीवर, तिकाटण्यावर आणि मुख्य अंगावर वेगवेगळे नंबर असतील तर वाईट वाटून घेऊ नका, फौजेतच दुरुस्तीला जाऊन भागांची अदलाबदल व्हायची.

नकली कसं ओळखायचं ते पण लिहितो कारण हल्ली शोपीस खूप येतात, पितळेचे, वर मोठ्या अक्षरात साल कोरलेलं, की अन् आरसा दोन्ही आहे पण आरसा बारीक फिरवायचा स्क्रूच नाही, ठिपका नाही, तिकाटण्यावर टेकतो तो भाग डुगडुगतो. साधी परीक्षा, उन्हात लावून पन्नास मीटरवरच्या भिंतीवर कवडसा स्थिर राहतो का बघा. खरं साधन काम करतं. शोपीस थरथरतं.

तीव्र_चौकस

कवडसा, धागा वाचून फार बरं वाटलं. मी सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जबलपूर. तिथे कोअर ऑफ सिग्नल्सचं म्युझियम आहे. आमच्या कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची, फतेहगडला लेफ्टनंट कर्नल पॉवेल यांच्या हाताखाली सुरुवात झाली. त्याआधी हे सगळं काम सॅपर्सकडे (लष्करी इंजिनीअर) आणि पलटणींच्या आपापल्या सिग्नलरकडे असायचं. जवळच बघायचं असेल तर नगरचं रणगाडा म्युझियम आहेच, तिथे जाल तेव्हा रणगाड्याच्या आत वायरलेसची जागा कुठे असायची ते मुद्दाम बघा.

हेलिओबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ते दूर जातं हे सगळे सांगतात, १८९४ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो ते युटा १८३ मैलांवर निरोप गेला होता, ठीक आहे, तो विक्रम झाला. पण फौजेला ते आवडायचं गुप्ततेमुळे. सूर्याचा कवडसा पसरतो फक्त अर्धा अंश. म्हणजे दहा किलोमीटरवर त्याची रुंदी साधारण नव्वद-शंभर मीटर. त्या पट्ट्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काहीसुद्धा दिसत नाही. वायरलेस कुणीही ऐकू शकतो, तार कुणीही कापू शकतो, कवडसा पकडायला शत्रूला बरोबर मधल्या रेषेत येऊन उभं राहावं लागेल. तोटा म्हणजे सूर्य सरकतो, दोन मिनिटांत तो स्वतःच्या व्यासाइतका पुढे जातो, म्हणून दोन्ही स्क्रू सतत हळूहळू फिरवत राहावं लागतं, हे करता करता मोर्स पाठवायचा म्हणजे हाताला वळण लागतं. आणि ढग आला की काम बंद. म्हणून जोडीला दिवे असायचे, रात्रीसाठी रॉकेलचा बेगबी दिवा, नंतर पहिल्या महायुद्धात बॅटरीवरचा लुकासचा दिवा जो दिवसाही चालायचा.

डुप्लेक्स आरसा सूर्य पाठीमागे असताना लागतो. एकट्या आरशाने सूर्य समोर किंवा बाजूला असेल तोवर काम होतं. तेव्हा तुमचं साधन अपुरं आहे पण मुकं नाही. सकाळी पश्चिमेला पाठवायचं असेल तेवढं सोडून द्या.

डोलकाठी

आल्डिस दिव्याचं (हातात धरून मोर्स पाठवायचा दिवा) नाव शीर्षकात आहे म्हणून लिहायला बसलो. नौदलात सिग्नलच्या पुलावर उभं राहून आयुष्य गेलं माझं. बाहेरच्यांना वाटतं की दिवा म्हणजे बटण दाबलं की पेटतो आणि सोडलं की विझतो, तसं नाही. आल्डिसमध्ये बल्ब पेटलेलाच राहतो, ट्रिगर दाबला की मागचा आरसा कलतो आणि झोत नेमावर येतो. बल्ब पेटायला विझायला वेळ लागतो, आरसा हलायला लागत नाही, म्हणून अक्षरं कापल्यासारखी स्वच्छ जातात. वरती दुर्बिणीसारखी सायट असते. घेताना आरसा मागे-पुढे सटकन हलतो का बघा, आतली स्प्रिंग गेलेली असते बऱ्याचदा, आणि लाल हिरव्या काचा पेटीत आहेत का. मुंबईत चोर बाजारात जहाजं मोडल्यावरचे दिवे येतात पण त्यातले बरेचसे व्यापारी जहाजांचे असतात, त्यात वाईट काही नाही, फक्त विकणारा नौदलाचा म्हणून सांगत असेल तर पाटी वाचल्याशिवाय मानू नका.

ओळखीच्या सिग्नलचं महत्त्व सांगायचं तर मी नेहमी सिडनीची गोष्ट सांगतो. १९ नोव्हेंबर १९४१, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला हिंदी महासागरात. ऑस्ट्रेलियन क्रूझर (युद्धनौका) सिडनीला एक व्यापारी जहाज दिसलं, ते म्हणालं मी डच, स्ट्रॅट मलाक्का. प्रत्येक दोस्त जहाजाला एक गुप्त ओळखचिन्ह दिलेलं असायचं, चार अक्षरांचं. सिडनीने त्यातली मधली दोन अक्षरं दाखवली, आय आणि के, खऱ्या जहाजाने बाहेरची दोन दाखवून उत्तर द्यायचं. समोरचं जहाज होतं जर्मन कोर्मोरान, वेषांतर केलेलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी जर्मन निशाण चढवलं आणि तोफा उघडल्या, आणि तोवर सिडनी अगदी जवळ आलेली होती. ६४५ माणसं गेली, एकही वाचला नाही. कोर्मोरानही बुडालं पण त्याची तीनशेवर माणसं वाचली, म्हणूनच ही अक्षरांची हकिकत आपल्याला कळते. दोन्ही सांगाडे २००८ मध्ये समुद्रतळाशी सापडले.

त्यामुळे कधी सिग्नलच्या वहीचं फाटकं पान, कोडची पट्टी, निशाणाचा एखादा तुकडा दिसला तर तो सोडू नका. दिवा सगळे उचलतात, कागद कुणी उचलत नाही.

सायली_मिडवेस्ट

मी शिकागोजवळ राहते आणि माझ्याकडे ती 'काळी विमानं' आहेत, म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं :)

इथल्या अँटिक मॉलमध्ये अजूनही मिळतात. काळ्या प्लास्टिकची, हाताच्या पंजाएवढी, खाली नाव आणि महिना-साल उठवलेलं असतं. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाला आपली-परकी विमानं ओळखायला शिकवायला पाच लाख मॉडेल्स हवी होती आणि ती देशभरातल्या शाळकरी मुलांकडून लाकडात करवून घेतली, दिलेल्या टेम्प्लेटवरून कोरायची, तपासून घ्यायची आणि काळा रंग द्यायचा. नंतर शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने प्लास्टिकमध्ये काढली, माझ्याकडे बहुतेक तीच आहेत. एक लाकडी आहे, पंखाखाली मुलाने पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, पुसट झालंय, पण मला ते सगळ्या कलेक्शनमध्ये जास्त प्रिय आहे.

सगळी बाहत्तरास एक या मापाची, आणि त्यामागे हिशोब आहे, एक इंच म्हणजे सहा फूट. पस्तीस फुटांवर मॉडेल धरलं की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून दिसेल तेवढंच दिसतं. काळं कारण आकाशात विमान सावलीसारखंच दिसतं, रंग कळत नाही. वर्गात छताला टांगायचे आणि पंख, इंजिन, धड, शेपूट या क्रमाने बघायला शिकवायचे.

का एवढा खटाटोप, तर युद्ध सुरू होऊन तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ ला, इंग्लंडवर स्पिटफायरनी आपलीच हरिकेन पाडली, त्यात हल्टन-हॅरप नावाचा पायलट गेला, ब्रिटिशांचा युद्धात गेलेला पहिला फायटर पायलट, तोही आपल्याच गोळीने. आणि जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर रात्री पॅराशूट सैनिक घेऊन जाणाऱ्या १४४ डाकोटा विमानांपैकी २३ परत आली नाहीत, खालून आपल्याच जहाजांनी आणि तोफांनी मारा केला. म्हणूनच नॉर्मंडीच्या वेळी दोस्तांच्या विमानांना ते काळे-पांढरे पट्टे दिले, तीन पांढरे दोन काळे, एका इंजिनाच्या विमानाला अठरा इंची आणि दोन इंजिनाच्याला चोवीस.

जपायची टीप : हे प्लास्टिक अ‍ॅसिटेट आहे, गरमीत वाकतं, पंख लोंबतात. हेअर ड्रायरने सरळ करायला जाऊ नका. बंद प्लास्टिकच्या डब्यात पण ठेवू नका, त्यातून व्हिनेगरसारखा वास यायला लागला की समजायचं की ते कुजतंय, ते पीस बाकीच्यांपासून वेगळं करा.

इंफाळचा_नातू

सायलीताई, पट्ट्यांवरून आठवलं, आपल्याकडचं उदाहरण कुणी सांगत नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवर विमानावरच्या गोल खुणेतला लाल रंगच काढून टाकला होता. ब्रिटिश गोलात मधोमध लाल ठिपका, आणि जपानी विमानावर लाल सूर्य, जंगलावरून झरकन गेलं की बंदूकवाल्याला फक्त लाल दिसणार आणि तो मारणार. म्हणून इथे गोल दोन निळ्या छटांचा. १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या हाताखाली आपल्या एक नंबर स्क्वाड्रनची हरिकेन उडत होती त्यांच्यावर हाच निळा गोल. शिवाय थंडरबोल्टसारख्या विमानांच्या नाकावर, पंखांवर, शेपटीवर पांढरे पट्टे. रेस्टोअर केलेल्या विमानाचा फोटो बघताना मी आधी हे बघतो.

मी जमवतो ते कापड. जंगलातली फौज विमानातून रसद मागायची तेव्हा जमिनीवर कापडी पट्टे अंथरून खूण करायची, धूर करायचा, पायलटने ते ओळखून मगच पोती टाकायची. आणि ब्लड चिट, म्हणजे पायलटच्या अंगावर असायचा तो कापडाचा तुकडा, अनेक भाषांत लिहिलेलं की हा आपला माणूस आहे, याला मदत करा, बक्षीस मिळेल. ब्रह्मदेशच्या चिटवर आपल्याकडच्या लिप्या पण दिसतात. पण यात नकली फार, फार म्हणजे फारच. नवीन रेशमावर छापून चहाच्या पाण्यात बुडवतात. मी एकच बघतो, घडीच्या जागेवर शाई तुटलेली आहे का. वर्षानुवर्षं खिशात घडी केलेलं कापड घडीवरच झिजतं, चहाचा डाग सगळीकडे सारखा असतो.

नवा_गडी

छान माहिती. माझ्या मामांच्या वाड्यात माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघालीये, त्यात जाड कागदी काडतुसं आहेत, बुडाला पितळ, बंदुकीच्या गोळीपेक्षा खूप मोठी, आणि एकाच्या तोंडाला लाल रंग. सिग्नलची असतील का? उघडून आत काय आहे बघू का?

तीव्र_चौकस

नवा_गडी, उघडू नका, हलवू नका, उन्हात ठेवू नका. वर्णनावरून व्हेरी पिस्तुलाची (उजेडाचा सिग्नल आकाशात उडवणारं पिस्तूल) फ्लेअरची काडतुसं वाटतायत. आतला दारूगोळा जुना झाला की निकामी होतो असं नाही, उलट कधीकधी जास्तच बेभरवशाचा होतो. पेटी आहे तिथेच राहू द्या, घरच्यांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, ११२ ला फोन करा, ते योग्य माणसांना पाठवतील. आजच करा.

बाकीच्यांसाठी : फ्लेअर पिस्तूल कुणी विकायला आणलं तर स्थानिक पोलीस ठाण्यात शस्त्र परवान्याची चौकशी केल्याशिवाय हात लावू नये. वायरलेस सेटचंही तसंच, बाळगायलासुद्धा परवान्याचा प्रश्न येतो, ज्यांच्याकडे हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे त्यांना विचारून घ्या.

जुनाबाजारी

यात रेडियमची भर घालतो. अंधारात ओळख पटावी म्हणून चमकणारे बिल्ले यायचे, होकायंत्रांवर आणि मीटरवर पण तोच रंग. आता चमकत नाहीत म्हणून लोक समजतात संपलं. संपलेलं नसतं, चमकणारं द्रव्य जळून गेलेलं असतं, रेडियम जिवंत असतं, त्याचं अर्धआयुष्यच सोळाशे वर्षांचं. काच फुटलेला डायल असेल तर घेऊ नका. खरवडू नका, आणि मुलांच्या हाती देऊ नका.

नवा_गडी

फोन केला. माणसं येऊन पेटी घेऊन गेली, व्यवस्थित बोलले. धन्यवाद काका, मनापासून.

टेम्सकाठी

इकडे इंग्लंडमध्ये मेळ्यांत नॉर्मंडीचे क्रिकेट (दाबलं की टिकटिक वाजणारं पितळेचं छोटं खेळणं) टेबलोटेबली दिसतात आणि खरं क्वचित निघतं. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्नला (पॅराशूट सैनिकांची डिव्हिजन) दिले होते, अंधारात एकदा वाजवायचं, समोरून दोनदा वाजलं तर आपला. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मी शिट्टीवाल्यांनी साधारण सात हजार बनवले होते. नंतर त्याच्या इतक्या प्रतिकृती निघाल्या की मी स्वतः त्या वाटेला जात नाही.

डुप्लेक्स आरसा मात्र इथे सुटा मिळतो, मी शोधतो. कस्टम्सला काय लागेल ते आधी विचारून घ्या. आणि उलट दिशेने काही पाठवू नका हं, शंभर वर्षं उलटलेली वस्तू भारतात पुरातन वस्तूंच्या कायद्यात येऊ शकते, पहिल्या महायुद्धातला माल आता त्या वयाचा झालाय. इकडे कधी आलात तर डॉर्सेटमध्ये ब्लँडफर्डला रॉयल सिग्नल्सचं म्युझियम आहे, एक अख्खा दिवस काढून या.

कवडसा

सगळ्यांचे आभार, किती भरभरून लिहिलंत. भिंगाने बघितलं, मुख्य अंगावर बाणाखाली आय आहे! तिकाटण्यावर वेगळा नंबर आहे. फडक्याने पुसलं, बाकी काही करणार नाही.

आता एक मनात आहे. थंडीत हवा स्वच्छ झाली की सिंहगडावरून राजगडाकडे कवडसा पाठवून बघायचा, तिकडे कुणी दुर्बीण घेऊन बसायचं. कुणी येईल का?

तीव्र_चौकस

मी येतो, पण माझं ऐका. त्या बाजूला एनडीए (लष्करी प्रबोधिनी) आहे, वर लोहगावची विमानं असतात. आधी पोलिसांना लेखी कळवायचं, वनखातं आणि पुरातत्त्व खात्याला विचारायचं, कवडसा क्षितिजाच्या वर एक क्षणही जाता कामा नये, विमान दिसलं की आरशावर टोपी. आणि राजगडावरून उत्तर द्यायला साधा चौकोनी आरसा पुरेल, मधोमध पारा खरवडून बारीक ठिपका करायचा आणि समोर काठीवर खूण. राजगड सिंहगडाच्या नैऋत्येला, त्यामुळे थंडीत सकाळी लवकर सूर्य तुमच्या डाव्या बाजूला, किंचित मागे असेल आणि एका आरशाने जरा अवघड जाईल. दुपारी एकनंतर सुरू करा, थंडीत तेव्हा सूर्य दक्षिणेकडून पश्चिमेला उतरत असतो, एका आरशावर आरामात जमेल.

इंफाळचा_नातू

राजगड माझ्याकडे. मोर्स येत नाही पण शिकतो तोवर.

वहिनी_सातारकर

मी वाचकच आहे इथली, पण विचारते. सासऱ्यांच्या वडिलांची एक लाकडी पेटी आहे, आत की आणि हेडफोन, झाकणावर फुलरफोन असं इंग्रजीत, आणि सोबत त्यांची पगाराची वही. ते पहिल्या महायुद्धात सिग्नलर होते एवढंच घरात माहीत आहे. यजमान म्हणतात पेटी पॉलिश करून हॉलमध्ये ठेवू, वही कपाटात ठेवू.

जुनाबाजारी

वहिनी, फुलरफोन म्हणजे कॅप्टन फुलरने १९१५ मध्ये काढलेलं तारेवरचं यंत्र, खंदकात जमिनीतून चोरून ऐकणाऱ्या शत्रूला त्याचे सिग्नल पकडता यायचे नाहीत. माणूस कोण, पलटण कुठली आणि यंत्र कुठलं हे एकत्र असलेले पीस फारच कमी आहेत. पॉलिश नको आणि वही पेटीपासून वेगळी करू नका. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, पिना असतील तर गंज चढायच्या आत हळूच काढा, पान पाठीला चिकटलं असेल तर ओढू नका. आणि पेटीच्या बुडाचा फोटो इथे टाका, बाण आहे का आणि त्याखाली काय अक्षर आहे ते बघायचंय. पलटणीचं नाव वाचता आलं तर तेही लिहा, तीव्र_चौकस काकांना जबलपूरला कुणाला विचारायचं ते ठाऊक असेल.